गोळा घेणारा

४ ऑगस्ट, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला बसलो तेव्हा स्टोव्हवर चहाचं आधण होतं आणि समोरच्या खुर्चीवर माझं नवं ओळखपत्र उभं करून ठेवलं होतं. चहा उतू गेला. ओळखपत्र अजून तसंच माझ्याकडे बघतंय.

झालं असं की मालकांनी सगळ्या काचकारखान्याला नवी ओळखपत्रं छापून आणली. फोटोखाली प्रत्येकाचा हुद्दा, इंग्रजीत. मिस्त्रींच्या कार्डावर ब्लोअर आहे, म्हणजे फुंकणारा. ते बरोबरच आहे, काच तेच फुंकतात. माझ्या कार्डावर आहे गॅदरर. मालक म्हणाले की वाचून खाली सही करा आणि एक प्रत परत द्या. सगळ्यांनी न वाचता सही केली, मी वाचून अडकलो. तुला माझा स्वभाव माहीत आहे. अर्थ कळल्याशिवाय मी बसच्या तिकिटामागचा मजकूरसुद्धा सोडत नाही.

घरमालकिणीच्या मुलाला विचारलं, तो कॉलेजात जातो. तो हसतच सुटला. म्हणाला की गॅदरिंग म्हणजे नाच, नाटक आणि शेवटी बक्षीस समारंभ, तेव्हा तू बहुतेक भट्टीपुढे नाचणारा. आमच्या तिघांच्या टोळीत मिस्त्री, मी आणि तयार काच उचलून नेणारा लंबू. लंबूनं वेगळाच शोध लावला. गॅदर म्हणजे गोळा करणं, म्हणून गॅदरर म्हणजे भंगार गोळा करणारा. त्या दिवसापासून तो मला डबाबाटली म्हणून हाक मारतो आणि बाकीचेही त्याला सामील आहेत.

तू इतकी वर्षं लोकांच्या मुलींना इंग्रजी शिकवलंस आणि घरचा पोर मात्र नववीतून पळाला. हे तू मला कधी ऐकवलं नाहीस, त्यामुळे मला ते जास्तच ऐकू येतं. तर आता तुझा तो पुठ्ठा निघालेला जाडा शब्दकोश काढ आणि मी कोण आहे ते सांग. तोवर सही थांबवली आहे.

बाकी सर्व ठीक. परवा उजव्या तळहातात काचेचं बारीक कुसळ घुसलं होतं, सुईनं काढलं. विशेष काही नाही.

पत्रात चुका असतील तर त्यांच्यावर लाल शाईनं लिही, माझ्यावरचा लोभ मात्र निळ्याच शाईत राहू दे.

तुझा,
वेलांटी


११ ऑगस्ट

चि. वेलांटीस,
अ. उ. आ.

चूक एकही नाही. जरा निराशाच झाली. पहिली वेलांटी की दुसरी यावर भोकाड पसरणारा मुलगा इतका सुधारेल असं वाटलं नव्हतं. पण नाव काही आता बदलत नाही.

शब्दकोश काढला, भिंग काढलं आणि तुझ्या शब्दापाशी दोन दुपारी मुक्काम केला. काय शब्द आहे रे! मी जन्मभर शिकवला आणि एकदाही त्याच्या घरात शिरून पाहिलं नाही. गॅदर आणि टुगेदर हे एकाच जुन्या घराण्यातले. एकत्र आणणं आणि एकत्र असणं, इतकं जवळचं नातं. पूर्वीपासून लोक पीक गॅदर करत, सरपण गॅदर करत. शिंपी कापडाला दोरा ओढून चुण्या घालतो त्यांनाही गॅदर्स म्हणतात. बांधणीवाले पुस्तकाच्या घडी घातलेल्या कागदांच्या एकेका गठ्ठ्याला गॅदरिंग म्हणतात. शाळेतलं गॅदरिंग म्हटलं तर इंग्रज माणूस नुसती जमलेली माणसं समजेल, नाच आणि नाटक त्यात आपण भरलं. आणि माणूस वारला की तो वाडवडिलांत गॅदर झाला असं जुन्या इंग्रजीत म्हणत. हा शेवटचा अर्थ मी सध्या माहितीपुरता ठेवला आहे, वापरायला काढलेला नाही.

आणि सगळ्यांच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, तू सापडलास! वितळलेली काच नळीच्या टोकावर घेणं म्हणजे गॅदर करणं, आणि टोकावर आलेला तो गोळा, त्यालाही गॅदरच म्हणतात. करणारा तू गॅदरर. तेव्हा डबाबाटलीवाल्यांना माझा निरोप सांग की हा शब्द राजरोस कोशात आहे आणि तुम्ही त्याची टवाळी करण्याआधीपासून आहे. खुशाल सही कर.

पण कोशात तुझ्या कामावर एकच ओळ आहे. तेवढ्यानं माझं पोट भरत नाही. तू नक्की काय करतोस ते नीट लिही, मला काहीच माहीत नाही असं समजून. तसं ते खरंच आहे.

कुसळ पूर्ण निघालं का? एका शब्दात उत्तर दिलंस तरी चालेल.

डोक्यावर माझा हात आहे, तिथून हलवू नकोस.

तुझी,
आत्या


१९ ऑगस्ट, दुपारी तीन वाजता, जेवणाची सुट्टी संपत आली आहे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सही केली. तुझं पत्र लंबूला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो म्हणाला की आत्याबाईंचं बरोबर असेल, पण डबाबाटली तोंडात बसलंय, आता काय करू.

तू विचारलंस म्हणून सांगतो. भट्टीच्या तोंडाशी उभं राहायचं, लांब लोखंडी नळीचं टोक आत वितळलेल्या काचेत टेकवायचं आणि फिरवायचं. मधाच्या बरणीत चमचा फिरवून मध वर काढतात तसं. मध गळतो, काचही गळते, म्हणून फिरवणं थांबवायचं नाही. भट्टीपासून मिस्त्रींच्या बाकापर्यंत चालतानाही नळी दोन्ही हातांत फिरतीच हवी. थांबलास की गोळा एका बाजूला लोंबतो, आणि लोंबलेल्या गोळ्याचं पुढे कोणीही काही करू शकत नाही. गोळा मधोमध आला तर फुंकणारा राजा. वाकडा आला तर तो माझी चूक निस्तरणारा हमाल. हे मिस्त्रींचं म्हणणं आहे, माझं नाही.

आत्या, मिस्त्री फुंकतात ते तू पाहायला हवं होतंस. गाल फुगत नाहीत. बाळाच्या डोळ्यात गेलेलं चिलट काढायला आई फुंकते ना, तेवढीच फुंकर, आणि तिकडे काच उमलत जाते. मी रोज बघतो आणि रोज वाटतं की आज डोळा चुकवून काहीतरी जादू केली. विचारलं तर म्हणतात की जादू वगैरे नाही, वीस वर्षं खोकला दाबून ठेवलाय.

सध्या एका नाट्यगृहाच्या जिन्यासाठी दिव्यांच्या काचांचं मोठं काम आहे. प्रत्येक काचेवर तिरप्या रेघांचा पीळ. गोळा फासळ्यांच्या साच्यात दाबायचा आणि बाहेर काढताना नळी फिरवायची, की सरळ फासळ्या तिरप्या होतात. तो पीळ मी देतो आणि मग नळी मिस्त्रींकडे. तारीख जवळ आहे, भट्टी दिवसरात्र पेटलेली आहे आणि तिघांतला एक जरी नसला तरी बाकीच्या दोघांना नुसतं बसून राहावं लागतं. मला रजेचा विचारसुद्धा करवत नाही.

मिस्त्रींचा खांदा मात्र धरलाय. चार दिवस झाले, नळी अंगावर येते म्हणतात, नेहमीसारखी वळत नाही. वय झालं असं पुटपुटतात. त्यांच्या तोंडी हे पहिल्यांदाच ऐकलं, बरं वाटलं नाही.

मी हल्ली हात बदलून नळी फिरवायला शिकलोय. दोन्ही हात तयार असलेले बरे. अक्षर वाकडं आलं आहे त्याबद्दल माफ कर, इथलं टेबल हलतं.

घंटा झाली. लोभाची नळी फिरती ठेव, थांबवू नकोस.

तुझा,
वेलांटी


२३ ऑगस्ट

चि. वेलांटीस,
आशीर्वाद आहेत, पण आधी रागावणार आहे.

मी मास्तरीण आहे. वह्या तपासून केस पांढरे केले. टेबल हललं की अक्षर कसं होतं आणि लिहिणारा हात बदलला की कसं होतं, हे मला कोणी शिकवायला नको. एका शब्दाचं उत्तर मागितलं होतं. तू दोन पानं लिहिलीस, सुंदर लिहिलीस, मी शेजारणीला वाचून दाखवली, आणि तो एक शब्द त्यात नाही.

गॅदरचा आणखी एक अर्थ आहे. कोणाचं तुटक बोलणं ऐकून, न बोललेलं ओळखणं. ते मी केलं आहे. आणि गॅदरिंगचा एक अर्थ मागच्या पत्रात मुद्दाम गाळला, म्हटलं हा जेवता जेवता वाचेल. गॅदरिंग म्हणजे गळू. आत पू गोळा होतो ते. शेकडो वर्षं तिकडच्या आयाबाया बोटाला गॅदरिंग झालंय असं साधेपणानं म्हणत. आता हा अर्थ मागे पडला. शब्द मागे पडतो, गळू पडत नाही.

सुईनं टोक निघालं असेल. मूळ आत असेल. तळहात आहे तो, बाबा. बोटं वाकवणाऱ्या सगळ्या दोऱ्या तिथून जातात. हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. उद्या जातो म्हणालास तर मी नाही असंच समजेन आणि पिशवी भरून येईन. मग कारखान्याच्या दारात मी तुला काय काय म्हणेन त्यापुढे डबाबाटली गोड वाटेल.

आत्या


३० ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी सांगतोय आणि आमच्या पेंढावाल्या मावशी लिहिताहेत. त्या तयार काचा पेंढ्यात बांधतात. अक्षर चांगलं आहे, पण ऱ्हस्वदीर्घाशी त्यांचं भांडण आहे. तिकडे बघू नकोस, मीही डोळे मिटून सांगतोय. (बाई, हा मला दर ओळीला टोकतोय. लिहिणारीला तरी सुख द्यावं. मावशी.)

तुझं पत्र सकाळी मिळालं, वाचलं आणि खिशात घातलं. लगेच गेलो नाही. काम संपायला थोडंच उरलं होतं, संध्याकाळी जाऊ म्हटलं. दुपारी मावशींनी आरडाओरडा केला. जोड्या लावून काचा बांधत होत्या, तर काही काचांचा पीळ उजवीकडे आणि काहींचा डावीकडे. या काय कानातल्या कुड्या आहेत का, डावी नि उजवी वेगळी, असं त्या ओरडल्या आणि सगळा कारखाना जमा झाला.

मी बघितलं आणि मला कळलं. हात बदलून नळी धरली की ती उलट्या दिशेनं फिरते. माझ्या मनातही आलं नव्हतं. काच लाल असते तेव्हा फासळ्या नीट दिसत नाहीत, मिस्त्रींचं लक्ष आकारावर असतं, मग काच हळूहळू गार करायच्या पेटीत जाते आणि तिथून सरळ मावशींकडे. आणि मिस्त्रींचा खांदा! वीस वर्षं एकाच बाजूनं फिरत आलेली नळी त्यांच्या हातात रोज उलटी येत होती. ती अंगावर येणारच. खांदा कसला दुखतोय, मी त्यांना उलटी नळी देत होतो. आणि ते स्वतःला म्हातारे समजून गप्प बसले.

मिस्त्रींनी एक काच उचलून खिडकीशी धरली, मग दुसरी. काच खाली ठेवली. माझ्याकडे वळून म्हणाले की हात दाखव, दोन्ही, जेवायच्या आधी पोरं दाखवतात तसे. दाखवले. लंबूनं तोंड फिरवलं. मिस्त्री ॲप्रन न काढताच मला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी चिरा दिला, आतून काचेचा तुकडा निघाला, इतका स्वच्छ की आधी दिसलाच नाही, नुसता ताटलीत वाजला. डॉक्टर म्हणाले की अजून दोन दिवस काढले असते तर पू बोटांच्या दोऱ्यांत शिरला असता. थोडा शिरलाच आहे. मधलं बोट वाकत नाही. वाकेल की नाही ते आता सांगता येत नाही म्हणाले.

उलट्या पिळाच्या काचा फोडून परत वितळायला टाकायच्या होत्या. ते काम मी मागून घेतलं. काच फुकट जात नाही, पुन्हा भट्टीत जाते. पण मिस्त्रींची फुंकर फुकट गेली. ती कुठून परत आणायची?

मालक दुसरा माणूस बघताहेत असं कानावर आलं. त्यांचं चूक नाही. भट्टी थांबत नाही. आत्या, मला नववीतून पळाल्याचं कधी इतकं वाईट वाटलं नव्हतं. दुसरं काहीच येत नाही मला. (रडत नाहीये, फक्त थांबून थांबून सांगतोय. मावशी.)

तू येऊ नकोस. हात बरा झाला की मीच येईन. तोवर लोभाला पट्टी बांधून ठेव, उघडा टाकू नकोस.

तुझा,
वेलांटी


९ सप्टेंबर

माननीय बाईंना,
आपल्या पुतण्याच्या मिस्त्रीचा नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. मला लिहायची सवय नाही, तेव्हा थोडक्यात लिहितो. पोराला कामावरून काढणार का असं आपण विचारलंत. त्यासोबत कारखान्याच्या दारात येण्याची धमकी द्यायची गरज नव्हती, पण ती वाचून मजा आली. लंबूलाही दाखवली.

मी पोराला रागावलो नाही, याचं आपल्याला आश्चर्य वाटलं. खरं सांगतो. दहाबारा दिवस माझा खांदा मला दगा देतोय असं मी धरून चाललो होतो. हे काम झालं की मालकांना सांगायचं आणि नळी ठेवून द्यायची असं ठरवलं होतं. घरी बायकोलाही सांगितलं होतं. त्या दिवशी खिडकीशी काच धरली आणि कळलं की खांदा ठणठणीत आहे. त्या आनंदात रागवायचं राहून गेलं. नंतर आठवण झाली तेव्हा पोराचा हात बघवत नव्हता.

मात्र एक सांगितलं त्याला. दुखणं लपवायचं असेल तर एकट्यानं काम कर. तिघांत दुखणं लपत नाही, ते फक्त दुसऱ्याच्या अंगात जातं.

मालकांनी दुसरा माणूस आणला होता, चांगला होता. मी मालकांना म्हटलं की याला माझ्या हाताची सवय होईपर्यंत आपल्या पोराचा हात बरा होईल, मग दोन दोन कामं कशाला. मालकांनी विचारलं की तोवर गोळा कोण घेणार. मी म्हटलं मी घेईन, लंबू फुंकेल. तो कधीचा टपून बसलाय.

पोरगं गुणी आहे. गोळा मधोमध आणतं. असं आणणारं माणूस मला फार वर्षांनी मिळालं. हे त्याला मी सांगितलेलं नाही, आपणही सांगू नये.

आपला,
मिस्त्री


१४ ऑक्टोबर, सकाळी सात वाजता, डबा भरून झाल्यावर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे मी स्वतः लिहितोय, उजव्या हातानं. पेन चार बोटांनी धरलं आहे. मधलं बोट थोडं वाकतं, पूर्ण नाही. डॉक्टर म्हणतात की यापुढे एवढंच. जिन्याच्या काचा वेळेत गेल्या, नाट्यगृहवाल्यांची तक्रार नाही.

इतके दिवस पट्टी बांधून मी कारखान्याच्या कोपऱ्यात बसून होतो. घरी बस म्हणाले होते, पण राहवलं नाही. आत्या, मिस्त्री गोळा घेताना मी पहिल्यांदा पाहिले. मी आपला भट्टीला घाबरून, तोंड वळवून, घाईनं काच घेतो. ते भट्टीसमोर असे उभे राहतात जसं कोणी ओळखीच्या दारात उभं राहतं. नळी आत गेलेली कळत नाही. बाहेर येते तेव्हा टोकावर गोळा असा बसलेला असतो की तो आधीपासून तिथंच होता. साठीला आलेला माणूस, ज्याच्या फुंकरीसाठी लोक लांबून येतात, तो भट्टी ते बाक, बाक ते भट्टी, दिवसभर. भुवया जळाल्या, गुडघे कुरकुरले. लंबू नवा फुंकणारा म्हणून ऐटीत बसायचा आणि मिस्त्रींना हाक मारून सांगायचा की जरा लवकर आणा. मिस्त्री मान खाली घालून, हो साहेब, आणलं, म्हणायचे आणि सगळे हसायचे. मीही हसलो, पण मला दरवेळी उठून त्यांच्या पाया पडावंसं वाटायचं. पडलो असतो तर नळी डोक्यात घातली असती.

पट्टी सुटल्यावर त्यांनी मला रिकामी नळी फिरवायला लावली. मग टोकाला ओल्या मातीचा गोळा लावून. ताठ बोट मधे यायचं, गोळा हिसका खायचा. त्यांनी बोट धरून नळीला टेकवलं आणि म्हणाले की हे वळत नसेल तर वळवू नकोस, याला नुसतं सोबत चालू दे, फिरवायला बाकीचे आहेत. मला चार दिवस लागले ते समजायला.

काल खऱ्या भट्टीवर गेलो. मिस्त्री माझ्या मागे उभे होते, स्वतःची नळी तापवून तयार ठेवली होती, माझा गोळा पडला तर लगेच दुसरा घेता यावा म्हणून. ते मला दिसत होतं. नळी आत घातली. फिरवली. बाहेर काढली, चाललो. गोळा किंचित एका बाजूला कललेला होता, मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं. लंबू बाकावरून उठला. मिस्त्री बाकावर बसले, माझ्या हातून नळी घेतली, एक श्वासभर त्या गोळ्याकडे बघितलं. परत दे म्हणतील असं वाटलं. त्यांनी नळी मांडीवर दोन वेळा फिरवून गोळा मधोमध आणला आणि फुंकला.

मग पुढचा आण म्हणाले. मी वळलो तर लंबू मिस्त्रींची ती तापवून ठेवलेली नळी उचलून नेत होता. मिस्त्रींनीच त्याला खुणेनं सांगितलं होतं. गार व्हायला मांडणीवर लावून टाकली.

घंटा व्हायला आली, पळतो. दुसरा गोळा पहिल्यापेक्षा बरा आला एवढंच सांगून थांबतो. लोभ एकटीनं सांभाळू नकोस, थोडा इकडेही पाठव.

तुझा,
वेलांटी